माणूस कोणाचा?

आमच्या कारखान्यात एम.डी.च्या मुलाखतीत खरा प्रश्न एकच असायचा, आणि तोही उमेदवार खोलीबाहेर गेल्यावर विचारला जायचा. त्याच्यामागं दार लागलं की चेअरमन चष्मा काढून टेबलावर ठेवायचे, संचालकांवरून एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "हं. माणूस कोणाचा?"

माणूस कसा, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात आस्थापना विभागात ३१ वर्षं काढली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या सर्व्हिस बुकात अहमदनगरच राहून गेलं. तेव्हा तोंडातून जुनं नाव आलं तर चालवून घ्या. कारखान्याचं नाव सांगत नाही. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात अर्धा तास मोटरसायकल दामटली की एक धुराडं मागं पडतं आणि दुसरं पुढं दिसायला लागतं. त्यातलं कुठलंही एक धरा. या ३१ वर्षांत सात एम.डीं.ची, म्हणजे कार्यकारी संचालकांची, नेमणूकपत्रं मी टाइप केली आणि सहा जणांच्या निरोपाचे हार आणले. सातव्यांच्या हाराला वेळच मिळाला नाही. ते रविवारी रात्री टेम्पोत सामान भरून क्वार्टर खाली करून गेले. सोमवारी शिपायानं चावी आणून माझ्या टेबलावर ठेवली. चावीला कारखान्याचा पितळी बिल्ला तसाच होता. माणूस प्रामाणिक होता एवढं नक्की.

मुलाखती गेस्ट हाउसमध्ये व्हायच्या. लांब टेबल, त्यावर पांढरीशुभ्र चादर. ही चादर दोन नंबरच्या खोलीतल्या पलंगाची, हे फक्त मला आणि गेस्ट हाउसच्या आचाऱ्याला ठाऊक. टेबलाच्या एका अंगाला चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि जमतील तेवढे संचालक. दुसऱ्या अंगाला एकटा उमेदवार आणि त्याच्यापुढं काजूची बशी. काजू खावेत तर बोलता येत नाही, न खावेत तर "घ्या की, लाजताय काय" म्हणून चहूबाजूंनी आग्रह. एका उमेदवारानं धीर करून तीन काजू तोंडात टाकले आणि नेमकं तेव्हाच संचालकांपैकी तात्यांनी विचारलं, "मळीचं काय करणार?" त्या गृहस्थांनी हातानंच काहीतरी खूण केली. ती डिस्टिलरीची होती की पाण्याची, यावर मागाहून बराच वेळ चर्चा झाली.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडं, त्यामुळं घड्याळावर माझं लक्ष असायचं. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत उमेदवार सहा मिनिटं बोलायचा. उरलेल्या वेळात चेअरमन कारखाना कसा उभा राहिला ते सांगायचे. शेअर गोळा करायला त्यांचे वडील सायकलवर किती गावं फिरले, सायकल कुठं पंक्चर झाली, पंक्चर कुणी काढलं. मग व्हाइस चेअरमन आपल्या वडिलांची बैलगाडी बाहेर काढायचे. उमेदवार मान डोलवत राहायचा. ज्याची मान जास्त बेतानं डोलायची त्याच्याबद्दल नंतर मत पडायचं, "अभ्यास दांडगा दिसतोय."

तांत्रिक प्रश्न म्हणावा असा एकच, रिकव्हरीचा, म्हणजे उताऱ्याचा. शंभर टन उसामागं किती टन साखर पडली याचा तो आकडा, आणि साखर धंद्यात माणसाची पत्रिका त्याच आकड्यावर मांडतात.

"मागच्या ठिकाणी रिकव्हरी किती आणली?"

"बारा पॉइंट दोन, साहेब."

आमची त्या वर्षी साडेदहाच्या आसपास घुटमळत होती. बारा पॉइंट दोन ऐकल्यावर टेबलाच्या त्या अंगाला असा काही श्वास सोडला गेला, की चादर हलली. उमेदवार कोल्हापूरकडचे होते. तिकडची जमीन, तिकडचं हवामान, तिकडचा ऊस; तिथं एम.डी. खुर्चीत घोरत असला तरी उतारा बाराच्या खाली यायला लाजतो. हे चीफ केमिस्टला माहीत होतं, पण त्यांना बोलावलं नव्हतं. आम्ही त्या गृहस्थांना वाजतगाजत आणलं. त्यांनी दोन ट्रंका आणल्या, एक कुलर आणला. पंचगंगा काही आणली नाही. पहिल्या हंगामाचा उतारा दहा पॉइंट चार. वार्षिक सभेत एक सभासद माइक हिसकावून म्हणाला, "बाराचा माणूस आणला, आता दहाला विकणार काय?"

दुसरी आमची खोड म्हणजे मागच्याचं जे खुपलं त्याच्या बरोबर उलटं शोधायचं. एक एम.डी. फार बोलायचे, म्हणून पुढचे असे आणले की बॉयलरची ट्यूब फुटल्याचंही त्यांनी तिसऱ्या दिवशी नोटशीटवर कळवलं. ते फार नियमावर बोट ठेवायचे, म्हणून त्यांच्यानंतरचे असे मोकळे की त्यांच्या काळातल्या खरेदीची फाइल अजून लेखापरीक्षकाकडून परत आलेली नाही. घरात सून आणताना आपण निदान दोनचार घरी चौकशी करतो. इथं फक्त पहिलीचे दोष पाठ करून दुसरी बघायला जायचो.

चौकशीचं म्हणाल तर तीही व्हायची, पण फोनवर. उमेदवार जिथून येणार त्या कारखान्याच्या चेअरमनना आमचे चेअरमन फोन लावायचे आणि स्पीकर चालू करायचे. पलीकडून आवाज यायचा, "सोनं आहे हो, सोनं! आमचा तर जीव होत नाही सोडायला, पण तुम्ही शब्द टाकलाय, न्या." आम्ही न्यायचो. काही वर्षांनी कुठल्या तरी तिसऱ्या कारखान्याचा फोन यायचा आणि आमचे चेअरमन खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "सोनं आहे हो..." नोकरीच्या विसाव्या वर्षी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरातलं सोनं इतक्या आनंदानं कोण कुणाला देतं?

आता तुम्ही म्हणाल, ही संचालक मंडळी अडाणी. मुळीच नाही. "माणूस कोणाचा" या प्रश्नामागं चांगला सव्वाशे दिवसांचा हिशेब आहे. हंगामात कुणाच्या उसाला आधी तोड मिळणार, सगळं राजकारण या एका गोष्टीभोवती फिरतं. नोव्हेंबर-डिसेंबरात फड रिकामा झाला तर त्यात गहू-हरभरा निघतो. मार्चपर्यंत ऊस उभा राहिला तर त्याला तुरा येतो, वजन घटतं, पाणी पाजून पाजून विहीर तळाला जाते आणि तोपर्यंत तोडणीच्या टोळ्या गावाकडं परतायला बघतात. तोडलेला ऊस उन्हात पडला की दर तासाला त्यातली साखर कमी होत जाते. कागदावर लागणीच्या तारखेनुसार प्रोग्राम असतो. पण शेतकी अधिकारी तो प्रोग्राम पाळतो की कुणाच्या चिठ्ठीवर मोडतो, हे ठरतं वरच्या माणसावरून. त्यामुळं एम.डी. तुमचा असेल तर तुमचा ऊस डिसेंबरात जातो आणि त्यांचा असेल तर तुम्ही एप्रिलात फडाच्या बांधावर बसून हुमणी मोजता. ज्याच्या बापजाद्यांची जमीन या रांगेत उभी आहे तो "माणूस कसा" हा प्रश्न कशाला विचारील?

तरीही याच जिल्ह्यात एकदा हा प्रश्न उलटा वापरून दाखवला गेला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा करायला घेतला तेव्हा अध्यक्षपदावर त्यांनी स्वतःला बसवलं नाही. शाळेत फार न गेलेल्या या माणसानं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ गाठले आणि प्राध्यापक महाराजांना साखर कारखान्याचं अध्यक्ष केलं. आपण उपाध्यक्ष राहिले. १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याची चाकं फिरली. अध्यक्षपद म्हणजे पगारी नोकरी नव्हे, मान्य. पण वरची खुर्ची भरण्याचं यापेक्षा शहाणं उदाहरण मला ठाऊक नाही. सरकारात आणि कर्ज देणाऱ्यांच्या दारात गाडगिळांच्या शब्दाला वजन होतं, हे तर झालंच. पण मला त्यातली दुसरी मेख जास्त आवडते. तोडीच्या रांगेत प्राध्यापकांचा ऊस कुठं होता? माणूस कोणाचा, याचं उत्तर "कोणाचाच नाही", आणि म्हणूनच सगळ्यांना चालणारा. हे गाडगीळ पुढं १९६७ मध्ये देशाच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. आमच्या मंडळात हे उदाहरण मी एकदा भीत भीत काढलं. तात्या म्हणाले, "खरंय. पण असा कोणाचाच नसलेला माणूस आपल्यात कोणाकडं असेल तर सांगा."

"माणूस कोणाचा" हा रोग साखरेबरोबर आला असं मात्र कुणी समजू नये. नगरच्या मातीत तो निजामशाहीपासून आहे. १५९५ मध्ये इब्राहिम निजामशहा लढाईत पडला, तेव्हा त्याचं तान्हं पोर मागं होतं. पण वजीर मियान मंजूनं ते बाजूला सारून अहमद नावाचा एक मुलगा गादीवर बसवला, राजघराण्यातला म्हणून. बसवून झाल्यावर इतर सरदारांनी चौकशी केली तर हा मुलगा त्या घराण्याचा नव्हेच! म्हणजे नेमणूक आधी आणि कागदपत्रांची पडताळणी मग; आमच्याकडं ही पद्धत थेट तिथूनच चालत आली असावी. भांडण इतकं पेटलं, की मियान मंजूनं स्वतःच मोगलांचा शहाजादा मुराद मदतीला बोलावला. मग पस्तावला. पण मोगल काही पस्तावा पोचेपर्यंत थांबत नाहीत. पुढं भुईकोट किल्ल्याची भिंत कुणाला लढवावी लागली ते शाळेतलं पोरही सांगेल. गोंधळ वजिराचा आणि निस्तरला चांदबिबीनं. आमच्याकडं हेच काम चीफ अकाउंटंट करायचे.

आणि त्याच दरबारात मलिक अंबर. हबशी देशात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला, मालक बदलत बदलत दख्खनला पोचलेला. नगरच्या पेशव्यानं, चंगीझखानानं, त्याला विकत घेतलं होतं. त्याच्या बाबतीत "माणूस कोणाचा" या प्रश्नाला पावतीच होती! पण मालक मेल्यावर हा माणूस कोणाचाच उरला नाही, आणि पाव शतकानं बुडालेली निजामशाही उचलून धरली ती त्यानंच. १६२४ मध्ये आमच्या नगरजवळ भातोडीला त्यानं तळ्याचं पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजांच्या तळावर चिखल केला आणि दोघांना एकदम लोळवलं. कोणतं तळं कोणत्या उताराला फुटतं, हे बायोडाटात लिहायला रकाना नसतो.

अंबर १६२६ मध्ये गेला. त्याची जागा त्याच्या मुलाला, फतेहखानाला मिळाली. तिथं प्रश्न विचारायची सोयच नव्हती; माणूस कोणाचा, तर अंबरचा. या चिरंजीवांनी आपल्याच सुलतानाला मारलं आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. मुलांच्या नेमणुकीबद्दल आणखीही लिहिता येईल. पण मला अजून याच जिल्ह्यात राहायचंय.

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला डोंगरावर एक अष्टकोनी तीनमजली इमारत दिसते. तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर. हा निजामशाहीचा कर्तबगार कारभारी; धन्याची मर्जी फिरली आणि तुरुंगात गेला. आयुष्यभर राबून शेवटी आपल्या कबरीवरही दुसऱ्याचं नाव. आमच्या डिस्टिलरीच्या कोनशिलेवर २१ संचालकांची नावं आहेत, उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांचं आहे, ठेकेदाराचंही आहे. डिस्टिलरी ज्यांनी रात्रीचा दिवस करून उभी केली त्या एम.डी. साहेबांसाठी जागा उरली नव्हती, असं मला सांगण्यात आलं. दगड मीच मोजून घेतला होता. जागा होती.

जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलं त्या अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. तिथल्या देवळात मल्हारराव होळकरांनी ही लहान मुलगी पाहिली आणि सून म्हणून निवडली अशी कथा सांगतात. आजच्या भाषेत कॅम्पस सिलेक्शन म्हणा. ना घराणं मोठं, ना शिफारस. पुढं १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी दौलत सांभाळली, आणि हातात कारभार आल्यावर फौजेच्या कामाला तुकोजी होळकरांना नेमून आपण मुलकी कारभार बघितला. एक काम एकाकडं, दुसरं दुसऱ्याकडं. आमच्या कारखान्यात एम.डी.ला गव्हाणीवरच्या साध्या स्लिपबॉयची बदली करता यायची नाही, कारण तो संचालक अण्णांच्या साडूचा. एम.डी.ला अधिकार होता तो फक्त जबाबदारी घेण्याचा.

पगाराची कथा सांगायची राहिली. एका चांगल्या उमेदवारानं महिन्याला दहा हजार जास्त मागितले. मंडळात दीड तास काथ्याकूट झाला. सभासदांच्या घामाचा पैसा, काटकसर, ट्रस्टीची भावना, सगळं निघालं. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्ताच्या मागच्या पानावर गणित मांडलं. पाच लाख टन गाळप. उताऱ्यात अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे अडीच हजार टन साखर, म्हणजे २५,००० क्विंटल. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये ठरवलेला किमान विक्री दर ३,१०० रुपये क्विंटल धरला तरी पावणेआठ कोटी. ऊस वेळेवर तोडून वेळेवर मिलमध्ये घातला तर त्यातला थोडा तरी भाग हाताला लागतो, आणि ते करून घेणारा माणूस वर्षाला एक लाख वीस हजार जास्त मागत होता. मी वही चेअरमनकडं सरकवली. त्यांनी आकडे दोनदा वाचले, मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण दहा हजार वाढवले तर मागचे एम.डी. आपल्याला नावं ठेवतील." तो माणूस शेजारच्या कारखान्यात गेला. तिथलं धुराडं आमच्या गेस्ट हाउसच्या गच्चीवरून दिसतं.

आता म्हणे सगळं सुधारलंय. साखर आयुक्तालयाची नामतालिका असते, त्यासाठी परीक्षा असते, तालिकेतलाच माणूस घ्यावा लागतो. असू दे. मी निवृत्त व्हायच्या आधी एक तालिका माझ्या टेबलावर आली होती, छापील, अनुक्रमांकासकट. दोनच दिवसांनी ती मंडळाकडून परत आली तेव्हा प्रत्येक नावापुढं बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: "यांचा", "त्यांचा", "पूर्वी यांचा, आता त्यांचा". एका नावापुढं नुसतं प्रश्नचिन्ह होतं. त्यांना बोलावलंच नाही.

मला विचाराल तर नेमणूक हिवरे बाजारसारखी करावी. १९८९ मध्ये गावानं पोपटराव पवार या एम.कॉम. झालेल्या तरुणाकडं आणि त्याच्या सोबत्यांकडं कारभार दिला तो एक वर्षाच्या बोलीवर. जमलं तर पुढं, नाही तर घरी. वर्षभर काम बघितलं आणि मग सरपंचपद सोपवलं. पुढची हकीगत देशाला माहीत आहे, २०२० ची पद्मश्रीही माहीत आहे. पण पद्मश्रीपेक्षा मला ती एक वर्षाची बोली मोठी वाटते. गावाकडं बैल घेताना औताला जुंपून बघतात. एम.डी.ला मात्र आम्ही काजू खायला घालून बघायचो.

निवृत्तीनंतर मी नगरला सावेडीत राहायला आलो. ३१ वर्षांचा अनुभव म्हणून सोसायटीनं मला सेक्रेटरी केलं, आणि पहिल्याच महिन्यात वॉचमन नेमायची वेळ आली. म्हटलं, आता दाखवतो नेमणूक कशी करतात ते. कामांची यादी केली: रात्री बाराला पंप बंद, पहाटे चारला चालू, पार्किंगमध्ये बाहेरची गाडी नको. काजू आणले नाहीत. चेअरमनच्या वडिलांची सायकल कुठं पंक्चर झाली ते सांगायचं नाही, असं मनाशी ठरवलं. उमेदवाराला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कागदावरचा पहिला प्रश्न वाचायला चष्मा लावला. तोंडातून निघालं ते भलतंच.

"कुणाकडून आलात?"

"पाथर्डीकडून, साहेब," तो म्हणाला. "सकाळची एस.टी. चुकली, म्हणून जीपनं आलो. पंप कुठं आहे?"